सदतीस मतांची सगुणा

घुमटेवाडीच्या धनगरवाड्यावर कंपनीचं माणूस पहिल्यांदा आलं, ते दोन हजार एकेचाळीस सालच्या फाल्गुनात. खालच्या गावापासून वर यायला दोन तासांची चढण. 'हाळी मोबाइल' कंपनीची मुख्य अभियंता पद्मजा तेंडोलकर धापा टाकत माळावर पोचली, तेव्हा सगुणा ढेबे म्हशींना पाणी दाखवून घराकडे येत होती.

"सगुणा कोंडिबा ढेबे आपणच का?"

"मीच. का? फोन परत द्यायचा हाय का?"

"छे, छे! आम्हालाच यायला उशीर झालाय. सगुणाताई, तुमच्या नावावर कंपनीतली सदतीस मतं आहेत."

"कितीतली?"

"शंभरातली."

सगुणानं डोक्यावरची कळशी उतरून ठेवली. "आन् बाकीची?"

"बाकीचे अकरा हजार सभासद मिळून त्रेसष्ट."

सगुणा हसली नाही आणि घाबरलीही नाही. तिनं पद्मजाला आधी ताक दिलं आणि मग समोर बसून विचारलं, "कशापायी? मी तर कुनाला मागितली न्हाईत."

या 'कशापायी'चं उत्तर द्यायला पद्मजाला अख्खी दुपार लागली.

गोष्ट अशी होती. आठ वर्षांपूर्वी या भागातल्या मोठ्या कंपनीनं डोंगरातले मनोरे बंद केले. माणसं विखुरलेली आणि वापर थोडा, त्यामुळे मनोरा चालवणं परवडत नव्हतं. डोंगराच्या पूर्वेला वेणखोरं, पश्चिमेला तांबडखोरं, दोन्हींत मिळून चाळीस गावं. ती एका दिवसात मुकी झाली. त्याच सुमाराला कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत एक पापुद्रा तयार झाला होता. साधा फोन एकाच लहरीवर एकाच क्षणी ऐकू आणि बोलू शकत नाही. बोलायला गेला की स्वतःच्याच आवाजानं बहिरा होतो. कांद्याच्या सालीएवढा पातळ असा हा पापुद्रा स्वतःचा आवाज ओळखून तेवढाच वजा करायचा. मग आपल्याच आवाजाखालची, कोसांवरून आलेली बारीक कुजबुजही त्याला ऐकू यायची. तो फोनच्या पाठीला चिकटवला की प्रत्येक फोन हा छोटा मनोराच झाला. याचं बोलणं त्यानं उचलायचं, त्याचं पुढच्यानं, असं करत ते पोचायचं.

मनोरे नाहीत, तर मनोऱ्यांचा मालकही नाही. म्हणून चाळीस गावांनी मिळून स्वतःची कंपनी काढली. ती कुणा पैसेवाल्याच्या घशात जाऊ नये म्हणून घटनेत एक कलम घातलं. कंपनीत मत विकत मिळणार नाही. ज्याचा फोन दुसऱ्यांचं जितकं बोलणं वाहून नेईल, तितकं त्याच्या मताला वजन. हिशेब दर वेळी मागच्या सात दिवसांचा.

"लई चांगलं कलम हाय की," सगुणा म्हणाली.

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग एका बहाद्दरानं झाडांवर शंभर फोन बांधले आणि मतं गोळा करायला लागला." तेव्हा दुसरं कलम आलं. फोन मालकाच्या अंगावर असेल, पापुद्र्याला त्याची नाडी लागत असेल, तरच तो इतरांचं बोलणं वाहील. त्यामुळे दोन्ही खोऱ्यांतली माणसं फोन कमरेच्या चंचीत, कातडीला टेकवून ठेवायची.

सगुणाचा हात आपोआप कमरेकडे गेला. चंची कोमट होती. सकाळी आणि दिवेलागणीला ती जास्त तापते, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, आपल्यालाच कणकण आहे.

"पन माझ्याच फोनमधनं का? माळावर आमची नऊ घरं हायेत. समद्यांकडं फोन हाय."

"बोलणं वाट शोधत जातं, सगुणाताई. मुंग्यांसारखं. ज्या वाटेनं आधीच्या गेल्या, तिथे माग राहतो, मागच्या त्याच वाटेनं जातात, माग आणखी ठळक होतो. तुमचा फोन या वाड्यावर पहिला आला. दोन्ही खोऱ्यांतलं बोलणं तेव्हापासून तुमच्यातूनच जातंय. जितकं जातं, तितकं जास्त जातं."

"म्हंजी मी पयली आली, एवढंच?"

"एवढंच," पद्मजा म्हणाली.

तिच्या येण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. एका बड्या परदेशी कंपनीनं 'हाळी' विकत घ्यायची तयारी दाखवली होती. बदल्यात घुमटेवाडीच्या माळावर मनोरा, वर यायला रस्ता आणि अखंड सेवा. विक्रीला तीन-चतुर्थांश बहुमत लागणार होतं. पंधरा दिवसांनी सर्वसाधारण सभा होती आणि सगुणाच्या सदतीस मतांशिवाय पंचाहत्तरचा आकडा गाठणं कुणालाही शक्य नव्हतं.

"मी तुम्हाला कसं मत द्या ते सांगायला आले नाही," पद्मजा म्हणाली. "तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

*

माहीत झालं, आणि सगुणाच्या घराची वाट रुळली.

आधी कंपनीचे अध्यक्ष आबा, म्हणजे हिंदुराव शेडगे, स्वतः चढून आले. साठीचा माणूस, गुडघे दुखरे, तरी आला. त्यानं सगुणासमोर चार गोष्टी सरळ मांडल्या. "सगुणाबाई, ही कंपनी मी उभी केली. मला ती विकायची हौस नाही. पण गेल्या पावसाळ्यात बारा दिवस धुकं नि पाऊस, तुम्ही घरात बसलात, तर वेणखोऱ्याचा आवाज अर्धा झाला. कुणाच्या अंगावर चाळीस गावं किती दिवस टाकायची? मनोरा ताप आला म्हणून झोपत नाही."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी वेणखोऱ्यातली सात-आठ माणसं आली आणि त्यांनी उलट बाजू सांगितली. "गेल्या वेळी मनोरे होतेच की आक्का. परवडंना म्हणून एका दिवसात गेले. मालक परका असला, की त्याला आपण कधी परवडत नाही." तेही खरं होतं.

नवरा कोंडिबा सगळ्यांना पाणी देई आणि गप्प बसे. धाकटी जाऊ भागू मात्र गप्प बसली नाही. तिचं घर सगुणाच्या घरापासून वीस पावलांवर. तिचा फोन सगुणाच्या फोननंतर चार महिन्यांनी आलेला. तिच्या नावावर जवळजवळ शून्य मत.

"वीस पावलं," ती कोंडिबाच्या देखत म्हणाली. "वीस पावलांत काय देव बदलतो का? हिच्याच कमरंला सोनं लागलंय. रस्ता झाला तर माझी पोरं शाळंला जातील, पन ते इचारायला हिकडं कोन येतंय?"

सगुणाला ते लागलं. तीही काहीतरी तोडून बोलली, आणि त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं.

सगुणाची मुलगी मोहिनी तालुक्याच्या गावी दिली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळ आडवं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला आधीच दवाखान्यात ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. तिचा फोन आला.

"आये, कधी येतीस?"

"सभा झाली की."

"सभा माझ्या तारखेनंतर हाय आये. मला भ्या वाटतंय."

गेल्या पाच वर्षांत सगुणा माळ सोडून एक रात्रही कुठे राहिली नव्हती. कुणी राहू नको म्हटलं नव्हतं. पण फोन नवा असताना ती एकदा भावाच्या लग्नाला दिवसभर गेली, आणि परत आल्यावर खालच्या गावच्या दूधवाल्यानं सहज म्हटलं, "काल वहिनी नव्हत्या वाटतं, फोनच लागंना." तेव्हापासून ती आपोआपच जायची थांबली होती.

*

पद्मजा खालच्या गावात मुक्कामाला होती. सगुणानं तिला बोलावून घेतलं.

"म्याडम, मी उद्या खाली गेले तर काय हुईल?"

पद्मजा अवघडली. "माग पुसायला वेळ लागतो. बोलणं तुमच्या वाटेनं जाऊ बघेल आणि आपटून परत येईल. दुसऱ्या वाटा कच्च्या आहेत, त्यावर त्याचा भरवसा नाही. गणितानं सहा ते आठ दिवस. पण खरं सांगू? मलाही माहीत नाही. असं कधी करून पाहिलेलं नाही."

"तुमास्नी बी ठावं न्हाई?"

"नाही."

सगुणाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पुढे पद्मजा सांगायची, की भीतीपेक्षा ते कुतूहल होतं. पोरानं वारुळात काडी घालण्याआधी बघावं, तसं.

"चला माझ्यासंगं," ती म्हणाली.

दोघी माळाच्या कडेनं चालत निघाल्या. सगुणा एका हिरड्याच्या झाडापाशी थांबली. "हितनं वेणखोऱ्यात हाळी दिली तर पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला ऐकू जाती. चार पावलं हिकडं सरकलं तर न्हाई जात. माझ्या सासऱ्यानं दावलं होतं." पुढे एक खडक लागला, तिथून तांबडखोरं. करवंदीच्या जाळीमागे तिसरी जागा. कड्याच्या नाकावर चौथी. "हाळी जाती तिथनं तुमचं बोलनं बी जात आसंल का?"

पद्मजानं यंत्र काढून चारही ठिकाणी मोजलं. तिच्या नकाशात यांतल्या दोन जागा नव्हत्याच. कंपनीचं नाव 'हाळी' ठेवणाऱ्यांपैकी एकालाही, हाळी कुठून देतात हे वाड्यावर विचारायचं सुचलं नव्हतं.

"तुमच्या घरापेक्षा चांगल्या आहेत या," ती हळूच म्हणाली.

"मग हितं चार बाया उभ्या केल्या तर?"

"त्यांच्या फोनवर माग नाही ना. आणि माग कसा धरायचा हे मी बदलू शकत नाही, ते सभेच्या हातात आहे." ती बोलता बोलता थांबली. "पण मुंग्या चालल्या तर माग पडतो. त्या चौघी आपसांत बोलत राहिल्या, दिवसभर, या खोऱ्यातल्या माणसाशी, त्या खोऱ्यातल्या माणसाशी, तर वाट तयार होईल."

"म्हंजी गप्पा मारायच्या?"

"हो. न थांबता."

सगुणा पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. "आवो, हे काम सांगायला तुमी एवढ्या शिकलाव?"

मग पद्मजानं तिला आठवण करून दिली. सात दिवसांचा हिशेब. ती गेली तर सभेपर्यंत तिची मतं जवळपास शून्यावर येतील. विक्री रोखायची असली, तर ती ताकद हातातून जाईल.

"आन् चार बायांकडं जाईल."

"हो."

"त्यांस्नी काय वाटंल ते त्या करतील."

"हो. तुमच्याविरुद्धसुद्धा."

सगुणा वळली आणि बाया गोळा करायला वाड्याकडे निघाली.

*

तिघी तयार झाल्या. चौथी, कड्याच्या नाकावरची जागा सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथे दिवसभर वारा सोसत उभी राहील अशी वाड्यावर एकच बाई होती.

सगुणा वीस पावलं चालून गेली. भागू शेण थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"भागू, मी मोहिनीकडं जाते."

"जा की. मला कशाला सांगतीस?"

"कड्याच्या नाकावर तू उभी ऱ्हा. फोन कमरंला लावून."

भागूचे हात थांबले. "म्हंजी तुझी मतं माझ्याकडं येतील?"

"बरीचशी."

"मी विकायच्या बाजूनं मत देनार. आधीच सांगते. मला रस्ता पाहिजे."

"दे."

भागूनं आता वर बघितलं. "तुला चालंल?"

"चालनार न्हाई. पन तू वाहायचं आन् मत मी सांगायचं, हे कसं व्हईल?"

हात धुऊन भागूनं घरातून चंची आणली आणि सगुणाकडे पाठ करून ती कमरेला बांधली.

निघायच्या दिवशी खालच्या गावात आबांची जीप उभी होती. सगुणा मुलीकडे जाते आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आबांनी सांगितलंय, सोडून या म्हणून." जीपशेजारी वेणखोऱ्यातली माणसंही उभी होती. त्यांतला एक जवळजवळ रडकुंडीला आला होता. "आक्का, नऊ दिवस फक्त! जीप कशाला आलीय कळत नाही का तुमाला?"

"कळतंय की," सगुणा म्हणाली. "पन माझी एकच पोरगी हाय. एका बाईनं पोरीच्या बाळंतपनाला जाऊ ने, अशानंच जर कंपनी चालत असंल, तर ती आजच बंद पडलेली बरी. सभेच्या आदी तुमाला बी कळूं दे, आन् मला बी."

ती जीपमध्ये बसली.

*

वेणखोरं सव्वीस तास मुकं राहिलं.

पद्मजा खालच्या गावात यंत्रासमोर बसून होती. पडद्यावर वेणखोऱ्याच्या बाजूला काळोख. वर माळावर चार जागी चार बाया उभ्या होत्या आणि ठरल्याप्रमाणे बोलत होत्या. आधी अवघडून, मग सवयीनं. कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कोणाच्या सुनेनं काय केलं, सगळं झालं. बोलणं संपलं तेव्हा ओव्या म्हटल्या, ओव्या संपल्या तेव्हा एकीनं तांबडखोऱ्यातल्या अनोळखी शिक्षिकेला लावून पाढे म्हणायला लावले. भागू सगळ्यांत कमी बोलत होती, पण जागा सोडत नव्हती. पडद्यावर एक बारीक रेघ उमटे, थरथरे, विझे. पुन्हा उमटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेघ टिकली. तासाभरात तिला फाटे फुटले. पद्मजाच्या गणितातले सहा ते आठ दिवस खोटे ठरले होते, आणि आपलं गणित चुकल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

पण त्या सव्वीस तासांची किंमत होती. वेणखोऱ्यातले एक जुने मास्तर, रेघ टिकली त्याच दिवशी सकाळी वारले. त्यांचा मुलगा तांबडखोऱ्यात नोकरीला. निरोप गेला तो माणूस डोंगर ओलांडून गेल्यावर, आणि मुलगा पोचला तेव्हा चिता विझत आली होती. सगुणाला हे दवाखान्यात कळलं. मोहिनीला पोटात कळा सुरू झाल्या होत्या, तिचा हात सगुणाच्या हातात होता. तो तिनं सोडला नाही. पण पुढे महिन्याभरानं ती त्या मुलाच्या घरी गेली, उंबऱ्याबाहेर बसली आणि म्हणाली, "मीच गेले होते खाली." त्यानं तिला आत बोलावलं नाही. पाणी मात्र बाहेर आणून दिलं.

मोहिनीला मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, दोघी सुखरूप. शुद्धीवर आल्यावर मोहिनीनं आधी आई आहे का ते बघितलं, मग बाळ.

सभा ठरल्या दिवशी झाली, फोनवरच. नवा हिशेब वाचून दाखवला गेला. भागू ढेबे, तेरा मतं. बाकी तिघी सात, सहा आणि पाच. सगुणा ढेबे, एक मतही पुरतं नाही. उरलेली मतं आजूबाजूच्या डोंगरांवर पांगली होती. बोलण्यानं पर्यायी वाटा शोधताना पद्मजाला माहीत नसलेली माणसंही शोधून काढली होती.

मतदानाआधी भागूचा सगुणाला फोन आला. ती खाली गेल्यापासून पहिल्यांदा.

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय. नात झाली."

"आयकलं." मग थोडं थांबून, "आबा म्हनतेत, माझ्या तेरा मतांवर रस्ता हाय. दुसरे म्हनतेत, माझ्या तेरा मतांवर कंपनी हाय. मला काल झोप न्हाई. तू पाच वर्सं हे कसं सोसलंस?"

"मला ठावंच नव्हतं," सगुणा म्हणाली.

"आता तू सांग, काय करूं?"

सगुणाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एक शब्द बोलली असती, तर भागूनं ऐकलं असतं, हे तिला आवाजावरून कळत होतं. समोर मोहिनी बाळाला पाजत होती.

"तू उभी ऱ्हायलीस," ती म्हणाली. "तूच ठरव."

भागूनं विकायच्या बाजूनं मत दिलं. तिच्या तेरा मतांसकट ठरावाला एकोणसत्तर मतं पडली. पाहिजे होती पंचाहत्तर. कंपनी वाचली, ती भागूमुळे नाही की सगुणामुळे नाही, तर आठवड्यापूर्वी ज्यांच्याकडे मतच नव्हतं अशा पांगलेल्या माणसांमुळे.

मग सगुणानं दवाखान्याच्या व्हरांड्यातून ठराव मांडला. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. "कुनाच्याच अंगावर पाचाच्या वर मतं नकोत. आन् कालचा माग रोज सकाळी निम्मा पुसायचा, म्हंजी नव्या मान्साला जागा ऱ्हाईल." पद्मजानं अनुमोदन दिलं. आबांनी दोन मिनिटं विचार केला आणि आपलंही मत ठरावाच्या बाजूनं टाकलं. "हे आधी केलं असतं, तर मी विकायला निघालोच नसतो," ते म्हणाले. ठराव झाला.

भागूचा पुन्हा फोन आला. "तेरा दिलीस आन् दोन तासांत पाच केलीस!"

"माझी सदतीस गेली, त्याचं काय?"

पलीकडून भागू हसल्याचं ऐकू आलं.

*

आषाढात संचालक मंडळाची निवडणूक झाली. भागू रस्ता आणि मनोरा या दोनच गोष्टींवर उभी राहिली, आणि निवडून आली. कंपनीनं स्वतःचा मनोरा बांधावा, असं तिचं म्हणणं होतं. परक्याचा नको, पण मनोरा पाहिजेच. पहिल्या बैठकीला ती नवं लुगडं नेसून निघाली, तेव्हा कड्याच्या नाकावर उभं राहायला माणूस हवं होतं. सगुणा गेली. दिवसभर पावसात घोंगडीची खोळ घेऊन ती उभी राहिली आणि मोहिनीशी, तिच्या सासूशी, पाढे म्हणणाऱ्या त्या शिक्षिकेशी बोलत राहिली.

दिवस मावळायच्या आत भागू वर आली. चिखलानं लुगडं गुडघ्यापर्यंत भरलेलं.

"काय झालं?" सगुणानं विचारलं.

"भांडले."

"कुनासंगं?"

"आबांसंगं. म्याडमसंगं. ज्यानं च्या दिला त्याच्यासंगं बी."

"आन् रस्ता?"

"सर्व्हेला मानूस येतोय सोमवारी. त्याला वाट कोन दावनार म्हनून इचारलं." भागूनं तिच्या हातातली खोळ घेतली आणि आपल्या डोक्यावर ओढली. "मी तुझं नाव दिलंय. आता जा घरी, म्हशी वरडायला लागल्यात."